बारीक गळती

तिला आधी दिसले ते पाय. ती एका गाडीखाली उताणी पडून सायलेन्सरचा गंजलेला बोल्ट सोडवत होती, आणि पलीकडे कुणीतरी येऊन उभं राहिलं. काळ्या चपला, इस्त्रीची पँट, आणि उजवा पाय टाचेवर टेकवून पंजा सारखा वरखाली. शिलाई मशीन चालवताना हलतो, तसा. हा पाय जेवताना हलायचा, पेपर वाचताना हलायचा, आई ओरडत असली तरी हलायचा. ती चौथीत असताना हे पाय घरातून निघून गेले होते.

बोल्ट सुटला तरी ती गाडीखालून निघेना.

"ताई, गिऱ्हाईक आलंय!" पेंटरकाका ओरडले. "झोप लागली का काय?"

शेडचा अर्धा भाग तिचा आणि अर्धा पेंटरकाकांचा होता. ते डेंटिंग-पेंटिंग करायचे आणि दिवसभर बोलायचे. तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठे असून तेही तिला ताईच म्हणत. सगळेच म्हणत. तिचं खरं नाव फक्त बाहेरच्या पाटीवर उरलं होतं, आणि तेही उन्हाने उडालं होतं.

ती बाहेर आली, हात पुसले. बाप बराच वाळला होता. केस पांढरे, पण भांग तोच, फूटपट्टीने आखल्यासारखा.

"बोला. काय झालंय गाडीला?" कुणालाही विचारलं असतं त्याच आवाजात तिने विचारलं.

"इंजिनाचा लाइट लागलाय. पिवळा." त्याने मागे वळून जुन्या निळ्या गाडीकडे बोट केलं. "कपड्यांचे गठ्ठे पोचवायला घेतली होती. म्हटलं, तुझ्याकडे दाखवावी."

"चावी द्या. तिथे बसा."

द्या, बसा. लहानपणी ती त्याला तू म्हणायची. बाबा, तू कधी येणार, बाबा, तू मला फ्रॉक शिव. आता तिने दिलेला हा मान म्हणजे दाराला लावलेली कडी होती, आणि ते त्याला पहिल्याच शब्दाला कळलं. तो मुकाट्याने स्टुलावर बसला.

बाप शिंपी. बाजारात छोटं दुकान होतं. दुकानात काजं-बटणं करायला एक बाई होती, आणि एक दिवस तो तिच्याबरोबर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. भांडण नाही, आदळआपट नाही. मशीन उचललं आणि गेला. आई एका कारखान्याच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला लागली. शाळा सुटली की लेक घराजवळच्या गॅरेजमध्ये बसायची, कारण घरात कुणी नसायचं. बसता बसता पाने-स्क्रूड्रायव्हर हातात द्यायला लागली, मग इंजिनं उघडायला लागली, आणि पुढे म्हाताऱ्या मालकाने ते गॅरेज तिच्याच हातात दिलं. आई गेली तेव्हा बाप आला होता. तिने दार उघडलं नाही. तो बराच वेळ जिन्यात उभा होता, असं शेजारणीने नंतर सांगितलं.

तिने स्कॅनर लावला. पेट्रोलच्या वाफेची गळती, बारीक.

गिऱ्हाइकाला नीट समजावून सांगितल्याशिवाय तिला राहवत नसे. बापालाही तिने सांगितलं, स्कॅनरकडे बघत. "टाकीतलं पेट्रोल सारखं उडत असतं. ती वाफ बाहेर सुटू नये म्हणून कोळशाच्या डब्यात साठवतात. मग इंजिन ती ओढून घेतं आणि जाळतं. गाडी थंड असताना कॉम्प्युटर सगळ्या वाटा बंद करून बघतो, हवा कुठे सुटतेय का. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी त्याला कळतं."

"सुईच्या?" बाप म्हणाला.

"हो."

"कमाल आहे."

तिने पेट्रोलच्या टाकीचं झाकण बघितलं. सैल होतं. "हे नीट लागलं नव्हतं. पेट्रोल भरल्यावर कट् कट् वाजेपर्यंत फिरवायचं."

"एवढ्यासाठी लाइट लागतो?"

"एवढ्यासाठी लागतो. लगेच नाही. एकदोन दिवस गाडी चालली, कॉम्प्युटरने दोनदा तपासलं, की मग."

तो मान हलवत ऐकत होता. शाळेतल्या हुशार मुलासारखा.

काही दिवसांनी तो परत आला. लाइट लागला होता. झाकण सैल होतं.

"हात कापतात हल्ली," तो म्हणाला. "जोर लागत नाही."

तिने झाकण घट्ट केलं, स्कॅनरने लाइट पुसला, आणि फिरवून कसं बघायचं ते पुन्हा दाखवलं. तो जायला उठला आणि थबकला. "तुझा खिसा उसवलाय," तो म्हणाला. तिच्या अंगावरच्या कामाच्या कोटाचा खिसा एका बाजूने लोंबत होता. त्यात पाने ठेवून ठेवून त्याचा जीव गेला होता. "दे, टाका घालतो."

"राहू द्या."

त्याच्या पुढच्या खेपेला त्याच्या शर्टाच्या खिशात सुईदोरा होता. कोट खुंटीला होता. तिने काही म्हणायच्या आत त्याने तो काढून मांडीवर घेतला आणि शिवायला बसला. ती इंजिनात डोकं घालून उभी राहिली, पण कानाला दोरा ओढल्याचा आवाज येत होता. हात कापत नव्हते. टाके मोजून मारल्यासारखे सारखे होते. पेंटरकाका लांबूनच ते बघत राहिले.

"नकटे, हे घे," बाप म्हणाला. शब्द तोंडून गेल्यावर तोच दचकला.

नकटी हे तिचं घरातलं नाव. ते घेणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. तिने कोट घेतला, अंगात घातला आणि "झाकण सैलच होतं" एवढंच म्हणाली.

संध्याकाळी शटर ओढताना पेंटरकाका म्हणाले, "हा माणूस कोण गं?"

"गिऱ्हाईक."

"गिऱ्हाईक! नाक तर तुझंच लावून फिरतंय."

ती हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी शेडसमोर एक निळी गाडी थांबली तेव्हा ती हातातलं काम सोडून बाहेर आली. गाडी दुसऱ्याच कुणाची होती. मग उगाचच रस्त्यावर पाणी मारून ती आत गेली.

चौथ्या खेपेला झाकण घट्ट होतं. तरीही लाइट होता.

आता मात्र तिने गाडी नीट तपासायला घेतली. धुराचं मशीन काढलं. वाफेच्या नळीतून हलक्या दाबाने धूर सोडायचा, आणि मग बॅटरीचा उजेड पाडून शोधत बसायचं. जिथून धूर निघेल तिथे गळती. या कामाला घाई चालत नाही. बाप स्टुलावरून वाकून बघत होता. पांढरा धूर झाकणाच्या कडेने निघाला, एकाच जागेवरून, उदबत्तीच्या रेघेसारखा.

तिने झाकण उघडून उजेडात धरलं. आतल्या रबराच्या रिंगला चीर होती. रबर जुनं झालं की तडकतं, त्याच्या भेगा वेड्यावाकड्या असतात आणि एक असली की शेजारी दहा असतात. ही एकच होती. सरळ. ब्लेडने शिवण उसवताना शिंपी देतो तशी, एका फटक्यात.

ती झाकण घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"हे काय आहे?"

बापाने झाकणाकडे बघितलं नाही. पाय हलायचा थांबला होता.

"मी विचारतेय, हे काय आहे?"

"सैल ठेवलं की तू लगेच घट्ट करतेस," तो हळूच म्हणाला. "पाच मिनिटांत काम होतं. म्हटलं, जरा शोधावं लागेल असं काहीतरी..."

"म्हणजे इतके दिवस मुद्दाम?"

"पहिल्यांदा खरंच सैल होतं. शप्पथ. त्याआधी मी नुसताच गाडी घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत यायचो आणि परत जायचो, कितीतरी वेळा. मग लाइट लागला. म्हटलं, आता जायला कारण आहे."

तिच्या हातातलं झाकण समोरच्या पत्र्यावर जाऊन आदळलं. पेंटरकाकांची फवारणी थांबली.

"कारण पाहिजे तुला? कारण? आईचे हात सोड्याने सोलून निघायचे तेव्हा नाही आलास. माझी फी भरायची होती तेव्हा नाही आलास. तू तिथे नवीन घर मांडलंस आणि मी रोज संध्याकाळी खिडकीत बसायचे, माहितेय तुला? आई मारायची मला, तरी बसायचे. आणि आता तू झाकणं कापून येतोस? लाज नाही वाटत तुला?"

तिला दम लागला. बाप मान खाली घालून ऐकत होता, पण त्याचा चेहरा विचित्र झाला होता. डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ मात्र हसू दाबल्यासारखे. तिला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. रागाच्या भरात ती त्याला तू म्हणाली होती. इतक्या वर्षांनी.

"बोल की अजून," तो म्हणाला. "मी ऐकतोय."

ती वळली. आतून नवीन झाकण आणलं, लावलं, कट् कट् वाजवून दाखवलं. "आता हा लाइट लागायचं काही कारण नाही," ती म्हणाली. आवाज पुन्हा गिऱ्हाइकांचा झाला होता. "लागला तर मी काय समजायचं ते समजेन. या तुम्ही."

"नाही लागणार," बाप म्हणाला. "आता नाही करणार मी तसं."

तो गेला. मग बरेच आठवडे आला नाही.

ती रागात होती, आणि राग उतरला तरी ते कबूल करायला तयार नव्हती. पेंटरकाकांनी एकदा विषय काढला. "म्हाताऱ्याला चहाला तरी बोलव. गाडीशिवाय यायला सांग." ती म्हणाली, "तुम्ही तुमचा रंगाचा डबा हलवा." पण त्यांचं बोलणं तिच्या डोक्यात राहिलं. गाडीशिवाय यायला सांगायचं. एवढंच तर सांगायचं होतं. फोन नंबर होता. दोनदा तिने तो काढलाही, आणि काय म्हणून सुरुवात करायची हे न सुचून ठेवून दिला. बाबा म्हणायचं, की अहो म्हणायचं?

एका सकाळी तो आला. नेमकी ती सकाळ वाईट होती. एक गिऱ्हाईक ब्रेकच्या कामाला उशीर झाला म्हणून डोकं खात होतं, दुसऱ्या गाडीचं इंजिन उघडं पडलेलं, हवा होता तो पार्ट आला नव्हता. निळी गाडी शेडच्या तोंडाशी थांबली. इतके दिवस जिची वाट बघितली ती गाडी आली, आणि तिला बरं वाटायच्या ऐवजी डोक्यात तिडीक गेली. आपण वाट बघत होतो याचाच तिला राग आला.

बाप उतरला. चेहऱ्याचा रंग उडालेला, गाडीच्या दाराला धरून उभा. "लाइट लागलाय," तो म्हणाला.

"पुन्हा?"

"या वेळी मी हातसुद्धा लावला नाही. झाकण तू लावलंस तसंच आहे. मागच्या सीटपाशी जरा पेट्रोलचा वास येतो."

दुसरं कुणी असतं तर 'वास येतो' म्हटल्याबरोबर तिने हातातलं काम टाकलं असतं. इंजिन बंद करायला लावलं असतं, गाडीखाली शिरली असती. ते शब्द तिच्या कानावर आले, आणि तिने ते मनापर्यंत जाऊ दिले नाहीत.

"मला वेळ नाही," ती म्हणाली. "आणि मला मूर्ख बनवायचं बंद करा. दुसरीकडे दाखवा गाडी."

ब्रेकवालं गिऱ्हाईक बघत होतं. बापाने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

"खरंच मी काही नाही केलं गं."

"दुसरीकडे दाखवा म्हटलं ना!"

"बरं," तो म्हणाला. "बरं. तू कर तुझं काम."

गाडी वळवायला त्याला फार वेळ लागला. तीनदा पुढे, तीनदा मागे. ती पाठमोरी उभी राहून ऐकत होती. गाडी गेल्यावर पेंटरकाका म्हणाले, "बघायची तरी होतीस, ताई."

"तुम्ही मध्ये पडू नका."

"नाही पडत. पण बघायची तरी होतीस."

त्या रात्री तिने ठरवलं, रविवारी फोन करायचा. रविवारी म्हणाली, पुढच्या रविवारी.

मग एका दुपारी निळी गाडी आली आणि त्यातून एक अनोळखी तरुण उतरला. त्याने दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि एका बाईला हाताला धरून बाहेर काढलं. लहानखुरी बाई, जाड भिंगाचा चष्मा, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. तरुण शेजारचा होता, त्याला कामावर जायचं होतं. तो चावी बाईच्या हातात ठेवून निघून गेला. बाई शेडमध्ये आली आणि उभी राहिली, कुठे बघावं हे न कळल्यासारखी.

ताईने तिला आयुष्यात कधी नीट पाहिलं नव्हतं. मनात मात्र ती बाई वर्षानुवर्षं होती, उंच, ठसठशीत, मोठ्याने हसणारी. समोर उभी होती ती आईपेक्षाही बारकी होती.

"तुम्ही नकटी ना?" बाई म्हणाली आणि जीभ चावली. "माफ करा. घरात तेच नाव ऐकलेलं. म्हणून."

ताईने गाडीकडे पाहिलं. ड्रायव्हरची सीट रिकामी होती. आणि तिला कळलं.

"कधी?" तिने विचारलं.

"झाले की आता पंधरा-वीस दिवस. मशीनवर बसले होते. एका गिऱ्हाइकाची पँट होती, उद्या द्यायची. मी आतून चहा आणला तर मान पुढे पडलेली." बाईने चावी दोन्ही हातांत धरली होती. "मी तुम्हाला फोन केला होता त्याच दिवशी. तुम्ही 'गॅरेज' म्हणालात. मागे हातोड्याचे आवाज येत होते. मला कळेना, मी कोण म्हणून सांगू. ठेवून दिला."

पेंटरकाकांनी हातोडा खाली ठेवला.

ताईला फोन आठवेना. दिवसभरात इतके फोन येत. ती आठवायचा प्रयत्न करत राहिली, जसं काही तो आठवला तर पलीकडचं बोलणं अजून ऐकता येणार होतं.

"गाडीचं काय करायचंय?" शेवटी तिने विचारलं.

"लाइट अजून तसाच आहे. वासही येतो. मी त्यांना म्हटलं होतं, आपल्या चौकात गॅरेज आहे, दाखवा. ते म्हणाले, नाही, नकटीचा राग उतरला की तीच बघेल. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायला तयारच नव्हते. तशीच चालवत होते." बाई थांबली. "म्हणून मी इथे आणली. त्यांचा शब्द म्हणून."

ताईने चावी घेतली.

तिने गाडी लिफ्टवर घेतली नाही लगेच. आधी झाकण बघितलं. ते तिनेच लावलेलं होतं, घट्ट. उघडून रबर बघितलं, नवं कोरं, एक ओरखडा नाही. तिने ते बोटाने सगळीकडून फिरवून चाचपलं, पुन्हा चाचपलं. एखादी चीर सापडावी असं तिला फार वाटत होतं. मग झाकण लावून तिने धुराचं मशीन जोडलं आणि बॅटरी घेतली.

बाई स्टुलावर बसली होती. पेंटरकाका तिच्या शेजारी चहाचा कप ठेवून बाजूला झाले.

इंजिनापाशी काही नव्हतं. कोळशाच्या डब्यापाशी काही नव्हतं. व्हॉल्व्ह ठीक, टाकीवरच्या नळ्या ठीक. तिने गाडी वर उचलली, मागच्या चाकाच्या वरचं प्लास्टिकचं आवरण खोललं. आत वर्षानुवर्षांचा चिखल वाळून बसला होता. तो खरवडून काढला. पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत जाणारी लोखंडी नळी दिसली, आणि तिला धरून ठेवणाऱ्या पट्टीखाली जिथे ओल साचून राहते तिथे ती गंजलेली होती. त्या गंजातून धूर येत होता. भसाभसा नव्हे. इतका बारीक की बॅटरी तिरकी धरली तरच दिसत होता.

ती गाडीखाली तशीच उभी राहिली. धूर येत होता आणि ती त्याच्याकडे बघत होती. मशीन बंद करायचं तिला भान राहिलं नाही.

"सापडलं का काही?" बाईने विचारलं.

"हो."

"काय आहे?"

तिला खोटं सांगता आलं असतं. गाडी जुनी आहे, काहीही होऊ शकतं, असं मोघम. बाईला काय कळणार होतं?

"नळी गंजलीय," ती म्हणाली. "आतून. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. हे बरेच दिवस होत आलेलं असणार. ते आले होते त्या दिवशीही होतं."

"म्हणजे ते खरं बोलत होते."

"हो."

बाईने चष्मा काढला, पुसायला पदर घेतला, आणि पुसला नाही. "मीही हसले होते," ती म्हणाली. "तुमच्याकडून आले त्या दिवशी म्हणाले, लेकीचा विश्वास बसला नाही, पण तुला शप्पथ सांगतो, मी काही नाही केलं. मी म्हटलं, आधी तीनदा फसवलंत, आता कोण विश्वास ठेवणार तुमच्यावर? थट्टेने म्हटलं होतं मी. ते नाही हसले. जेवले आणि झोपले."

ताई शेडच्या मागच्या बाजूला गेली, जिथे जुने टायर ठेवलेले होते, आणि टायरवर बसून तोंडावर ग्रीसने माखलेले हात धरून रडली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पेंटरकाकांनी कॉम्प्रेसर चालू केला आणि रंगवायला काही नसताना बराच वेळ चालू ठेवला.

भंगारवाल्याकडे तशी नळी मिळाली. तिने स्वतः जाऊन आणली, घासली, बसवली, नव्या पट्ट्या आवळल्या. पुन्हा धूर सोडून बघितला. कुठूनही आला नाही. लाइट पुसला. तोवर दिवस कलला होता. बाई स्टुलावरून हलली नव्हती.

"घरी कशा जाणार?" ताईने विचारलं.

"मला गाडी येत नाही. जाईन चालत मोठ्या रस्त्यापर्यंत."

"बसा. सोडते मी."

गाडीत दोघी फारसं बोलल्या नाहीत. डावीकडे, उजवीकडे, त्या दुकानापाशी. शहराचं ते टोक ताईने वर्षानुवर्षं टाळलं होतं. गिऱ्हाइकाची गाडी सोडायला जायचं असलं तरी ती लांबून वळसा घालायची. घर एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं.

"गाडी इथेच राहू द्या," ती खाली म्हणाली. "उद्या सकाळी येते. रात्रभर थंड झाली की चालवून बघावी लागेल. मग पक्कं कळेल."

"या," बाई म्हणाली. मग पायरीवर थांबून, "आता वर येता का?"

ती नाही म्हणणार होती. तोंडापर्यंत आलंही होतं. पण बाई कठडा धरून एक पायरी चढली आणि पुढची चढायच्या आधी थांबली, तेव्हा ताईने तिच्या कोपराखाली हात घातला आणि दोघी वर गेल्या.

दोन खोल्या. खिडकीपाशी मशीन, त्याच्यावर चादर टाकलेली. ताईने तिकडे बघायचं टाळलं, तर समोर गॅलरी आली. गॅलरीत दोरीवर शर्ट वाळत होते. एकामागे एक, दहा-बारा, सगळे पांढरे नाहीतर फिकट निळे. सगळ्यांची कॉलर एकाच बेताची. बापाने स्वतःचे शर्ट कधी दुसऱ्याला शिवू दिले नव्हते.

"आज पहाटे काढले सगळे," बाई म्हणाली. "म्हटलं, धुऊन ठेवावेत, कुणाच्या तरी अंगाला लागतील. नुसतं बसवत नाही ना."

वाळले होते. बाई काढायला लागली तशी ताईही काढायला लागली. दोघींच्या हातावर शर्ट साचत गेले. त्यातला एक हातात घेतला तेव्हा स्वतःला आवरायच्या आत ताईने तो तोंडाशी नेला. नाकाशी धरून तिने लांब श्वास घेतला. साबणाचा वास आला. दुसरा घेतला. त्यालाही साबणाचाच.

बाई बघत होती. तिचे हात थांबले.

"एक तरी ठेवायला हवा होता ना," ती म्हणाली. "न धुता. माझ्या लक्षातच नाही आलं. सगळेच भिजवले."

"नाही येत लक्षात," ताई म्हणाली. "आईच्या वेळी माझ्याही नाही आलं."

आई हा शब्द त्या घरात पडला आणि बाई एकदम खाली बसली, पलंगाच्या कडेवर. ताईने शर्टांचा ढीग दोघींच्या मध्ये ठेवला आणि एक उचलून घडी घालायला घेतली. काजं हाताने केलेली होती, बारीक, घट्ट टाक्यांची. ती कुणी केली होती हे तिला विचारावं लागलं नाही.

"तशी नाही," बऱ्याच वेळाने बाई म्हणाली आणि तिने हात पुढे केला. "कॉलर आधी उभी करायची. मोडली तर दिवसभर कुरकुर करायचे."

ताईने घडी उलगडली, कॉलर उभी केली, आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला लागली.